मधुबालेचं चरित्र विकत घेण्याआधी काय पाहावं?

मधुबालेवर एवढी पुस्तकं आहेत, त्यातलं विश्वासाचं कुठलं हे कसं ओळखायचं, असं तुम्ही विचारलंय. मी दुकानात उभ्या उभ्या आधी एकच प्रकरण उघडते : 'नया दौर'चा खटला.

वडील अताउल्ला खान यांनी तिला या चित्रपटाच्या भोपाळमधल्या आउटडोअर चित्रीकरणाला पाठवायचं नाकारलं, दिग्दर्शक बी. आर. चोप्रांनी तिच्या जागी वैजयंतीमालाला घेतलं आणि प्रकरण कोर्टात गेलं. दिलीपकुमार यांनी साक्ष दिली ती चोप्रांच्या बाजूने. इथवर सगळी पुस्तकं सारखीच. दिलीपकुमार आणि मधुबालेचं प्रेम होतं, पण बापाने पोरीचं त्यांच्याशी लग्न होऊ दिलं नाही, हेही आपण लहानपणापासून ऐकत आलोय. पण २०१४ साली आलेल्या आत्मकथनात दिलीपकुमार म्हणतात की वडिलांचा लग्नाला विरोध नव्हता, उलट त्यांची स्वतःची निर्मितीसंस्था होती आणि या लग्नात त्यांना व्यवसाय दिसत होता. मधुबालेची बहीण सांगते ते निराळंच : कोर्टात वडिलांचा अपमान झाला, त्याची माफी मागितली गेली नाही, म्हणून सगळं तुटलं. लेखकाने ही दोन्ही म्हणणी समोर ठेवलीत का? कोण बोललं, किती वर्षांनी बोललं, हे सांगितलंय का? तसं असेल तर पुस्तक घ्या. बंद खोलीतलं भांडण शब्दन् शब्द संवादांत लिहिलेलं दिसलं, तर परत ठेवा. त्या खोलीत लेखक नव्हता.

दुसरं म्हणजे तिचं काम. जन्म १९३३, मृत्यू १९६९. हृदयाला छिद्र असलेल्या या बाईने जेमतेम ३६ वर्षांच्या आयुष्यात सत्तरच्या आसपास चित्रपट केले, आणि चरित्रकार पानंच्या पानं तिच्या रूपावर आणि आजारपणावर खर्च करतात. मला याचा मनापासून राग येतो. 'चलती का नाम गाडी'तलं 'एक लडकी भीगी भागी सी' पुन्हा बघा. गातो किशोरकुमार, तिला एक ओळही नाही. भिजलेली, वैतागलेली ती हळूहळू हसू दाबायला लागते, आणि आपली नजर तिच्यावरून हलत नाही. हे ज्याला दिसलं नाही, त्याने तिचं चरित्र कशाला लिहावं?

'मुगल-ए-आझम'मधला पिसाचा प्रसंगही शोधा, दिलीपकुमार तिच्या चेहऱ्यावरून पीस फिरवतात तो. तो चित्रित झाला तेव्हा दोघांमध्ये साधा नमस्कारही उरला नव्हता, असं दिलीपकुमारच लिहितात. पडद्यावर मात्र ती डोळे मिटते आणि आपण श्वास रोखतो. ते तिने कसं केलं असेल, या प्रश्नापाशी थांबणारा लेखक मिळाला तर मी किंमत बघत नाही.