एंडोस्कोपी नॉर्मल आली म्हणून थांबू नका

सहा महिने बेंबीच्या उजवीकडे खाली कळा, रात्री दोनदा उठावं लागणं, चार किलो वजन कमी, गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन, आणि एंडोस्कोपी नॉर्मल आल्यामुळे घरचे म्हणतात टेन्शन आहे. तुमचं हे वाचून गप्प बसवेना.

एंडोस्कोपी तोंडातूनच केली ना? माझाही रिपोर्ट नॉर्मल होता आणि त्याच कागदापायी माझं दीड वर्ष गेलं. तोंडातून घातलेली दुर्बीण जठर आणि लहान आतड्याच्या सुरुवातीपर्यंतच पोचते. पुढचं कित्येक मीटर आतडं तिनं पाहिलेलंच नसतं. माझा क्रोन्स, म्हणजे आतड्याला सतत सूज आणणारा आजार, होता अगदी शेवटी, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे. एका रुग्णालयाच्या ओपीडीत दर खेपेला नवे डॉक्टर. फाइलवरचं ‘नॉर्मल’ वाचायचे आणि गॅसची तीच गोळी पुन्हा लिहायचे. रात्री उठावं लागतं का, हे एकानंही विचारलं नाही. अजून राग येतो. पण मीही ते आपणहून सांगितलं नाही, ‘ॲसिडिटी आहे’ एवढंच म्हणत राहिलो. सगळ्यात महाग पडलं ते हेच.

पहाटे तीनला गुडघे छातीशी धरून बसायचो. आधी गुडगुड, मग हाताखाली पोटाचा एक भाग टणक होऊन वर यायचा, कळ वाढत जायची आणि खळखळ आवाज होऊन एकदम सुटायची. आतडं अरुंद झालं होतं. निदान झालं तोवर ऑपरेशन टळण्यासारखं राहिलं नव्हतं.

मी डॉक्टर नाही, आणि तुम्हाला हेच असेल असंही नाही. आयबीएसचं, म्हणजे आतड्यात सूज-जखम न दिसताही होणाऱ्या पोटाच्या त्रासाचं, दुखणंही खरंच असतं. पण झोपेतून उठवणारं दुखणं, घटतं वजन, शौचातून रक्त, ताप, उतरलेलं हिमोग्लोबिन, यातलं काहीही असेल तर तपासण्या न करता आयबीएस म्हणून मोकळं होऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शौचाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्याला सूज आहे का ते सांगणारी) आणि लहान आतड्याच्या टोकापर्यंत जाणारी कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेली तपासणी), दोन्हींबद्दल स्पष्ट विचारा. कॅलप्रोटेक्टिन जंतुसंसर्गानं किंवा वेदनाशामकांनीही वाढतं, तेव्हा आकडा बघून लगेच घाबरू नका. आतड्याचा क्षय याच जागी, क्रोन्ससारखाच दिसू शकतो. तो नाही याची खात्री होईपर्यंत क्रोन्सवर देतात त्या स्टेरॉइडची घाई नको.

आयबुप्रोफेनचं डॉक्टरांना आजच सांगा. ती गोळी आतड्याला त्रास देते, आणि सांधेदुखी क्रोन्सचाच भाग असू शकते. मी दोन दुखणी दोन डॉक्टरांकडे वेगवेगळी दाखवत होतो.

पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या आणि वायूही सरेनासा झाला, तर सकाळची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.