सायटोकाइनची पहिली कुपी उघडण्याआधी

तुझी आयएल-२ ची (इंटरल्युकिन-२, एक सायटोकाइन, म्हणजे पेशींना संदेश देणारं प्रथिन) कुपी आली आहे ना? उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये क्षणभर फिरवून घे. आतली पूड इतकी थोडी असते की दिसतही नाही, आणि बरेचदा ती झाकणालाच चिकटलेली असते. मग सोबतच्या माहितीपत्रकात सांगितलेल्याच द्रावणात विरघळव. ई. कोलाय या जिवाणूत बनवलेल्या आयएल-२ ला अनेकदा सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लागतं, थेट पीबीएस (फॉस्फेटचं खारं बफर द्रावण) नको. व्हॉर्टेक्स यंत्रावर जोरात घुसळणं अजिबात नको, फेस आला की प्रथिन बिघडतं. ०.१ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घालून छोटे भाग कर आणि उणे ८० अंश सेल्सियसला ठेव. एक भाग एकदाच वितळवायचा.

मोनोसाइट किंवा डेंड्रिटिक या रोगप्रतिकारक पेशींवर काम करणार असशील तर मला खरी काळजी एंडोटॉक्सिनची वाटते. एंडोटॉक्सिन म्हणजे जिवाणूंच्या आवरणातून आलेला एलपीएस (लिपोपॉलिसॅकराइड). तो लेशमात्र असला तरी या पेशी टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन सोडतात, आणि श्रेय मात्र सायटोकाइनला जातं. म्हणून थोडं प्रथिन उकळून तेही नियंत्रण (तुलनेचा नमुना) म्हणून वापर. प्रथिन उष्णतेने निकामी होतं, एलपीएस सहसा टिकतो. उकळल्यावरही प्रतिसाद तसाच आला तर एलपीएसचा संशय पक्का समज.

मात्रा नॅनोग्रॅमवर नको, क्रियाशीलतेच्या एककांवर ठरव. दोन लॉट (उत्पादनाच्या खेपा) सारखे नसतात, लॉट क्रमांक वहीत लिहीत जा. आणि उंदराच्या पेशी असतील तर आधी विचार: मानवी आयएल-२ त्यांच्यावर चालतं, मानवी इंटरफेरॉन गॅमा हे दुसरं सायटोकाइन मात्र चालत नाही.