स्विच बसवल्यावरही कोलिजन का दिसतात?

निपाणीच्या पतसंस्थेत हब (सर्व संगणकांना एकाच सामायिक तारेसारखे जोडणारी पेटी) काढून स्विच (प्रत्येक संगणकाला स्वतंत्र मार्ग देणारी पेटी) बसवला, तरी एका पोर्टवर ‘लेट कोलिजन’चा (फ्रेम, म्हणजे डेटाचा एक गठ्ठा, पाठवताना उशिरा झालेल्या टकरींचा) आकडा वाढत आहे, तेव्हा केबल बदलावी का, असे आपण विचारले आहे. केबलच्या आधी डुप्लेक्स तपासावे; फुल डुप्लेक्समध्ये दोन्ही बाजू एकाच वेळी पाठवू शकतात, हाफ डुप्लेक्समध्ये आळीपाळीने. संगणकाच्या नेटवर्क कार्डावर १०० एमबीपीएस (मेगाबिट प्रति सेकंद) फुल डुप्लेक्स हाताने ठरवलेले असेल आणि स्विचचा पोर्ट ऑटोवर (समोरच्या टोकाशी वेग आणि डुप्लेक्स आपोआप ठरवण्यावर) असेल, तर स्विचला वेग ओळखता येतो, पण डुप्लेक्स कळत नाही, म्हणून तो हाफ डुप्लेक्स धरतो. मग स्विच तार मोकळी असल्याचे पाहून पाठवू लागतो, संगणक मात्र केव्हाही पाठवतो आणि फ्रेमचे पहिले ६४ बाइट गेल्यानंतरही टक्कर होते. दोन्ही टोके ऑटोवर ठेवावीत.

तरीही एरर राहिल्यास आरजे-४५ कनेक्टर (केबलच्या टोकाचा प्लग) उजेडात धरून आतील तारांचे रंग पाहावेत. बेळगाव-खानापूरकडे मी पाहिलेल्या अनेक जोडण्यांत केबलमधील पिळलेल्या जोड्या एकापुढे एक तशाच ओळीत बसवलेल्या होत्या, म्हणजे ३ आणि ६ क्रमांकांवर वेगवेगळ्या जोड्यांच्या तारा आल्या होत्या. साधा टेस्टर अशा केबललाही आठ हिरवे दिवे दाखवतो, परंतु ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा एकाच पिळाच्या असणे आवश्यक आहे. पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी हाच क्रम दोन्हीकडे ठेवावा. लांबी १०० मीटरच्या आत असेल, तर नव्या केबलचा खर्च तूर्त करू नये.