अर्ध्या दिवसात अंदमान : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्या जवळ आल्या की कोल्हापूर, इचलकरंजी, गडहिंग्लजकडून येणाऱ्या पत्रांत अंदमान हमखास असतं. या वेळी बहुतेकांनी पोर्ट ब्लेअरमधून गाइडसोबत करायच्या अर्ध्या दिवसाच्या सहलीबद्दल विचारलं आहे. त्यातली निवडक पत्रं इथं घेतली आहेत. सप्टेंबर 2024 पासून या शहराचं नाव श्री विजयपुरम आहे आणि रॉस बेट 2018 पासून नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं आहे. बोलण्यात अजून जुनीच नावं चालतात, म्हणून खाली तीच वापरली आहेत. तिकिटावर नवीन नाव दिसलं तर गोंधळू नका.

एजंटानं दोन पर्याय दिलेत : सकाळी रॉस आणि नॉर्थ बे, किंवा दुपारी सेल्युलर जेल आणि कॉर्बिन्स कोव्हचा किनारा. आम्हाला एकच जमणार आहे. कोणता घ्यावा? (वाचक, राजारामपुरी)

पाण्यात उतरणार असाल तर पहिला, नसाल तर दुसरा. नॉर्थ बेला स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून तरंगत पाण्याखालचं बघणं), सी-वॉक (हेल्मेट घालून समुद्राच्या तळावर चालणं), तळाला काच असलेली बोट असे पाण्यातले खेळ आहेत, आणि त्यांचे पैसे बहुतेक वेळा सहलीच्या दरात धरलेले नसतात. त्यातलं काहीच करायचं नसेल तर दोन-अडीच तास शहाळं पीत बसणं उरतं. परत आल्यावर 'नॉर्थ बेला काही नाही' म्हणणारे बहुतेक याच गटातले असतात. अशांनी एजंटाला 'नुसतं रॉस आणि जेल' असा बेत जमतो का ते विचारावं. आमच्या मते पाण्यात न उतरणाऱ्यांसाठी तो सगळ्यात चांगला अर्धा दिवस आहे.

रॉस हे लहानसं बेट, अ‍ॅबर्डीन जेटीवरून बोटीनं पंधरा मिनिटांच्या आत येतं. 1858 पासून इंग्रजांचा सगळा कारभार इथून चालायचा. 1941 च्या भूकंपानं इमारतींना तडे गेले, 1942 मध्ये जपानी सैन्य आलं आणि इंग्रजांची वस्ती मोडली. चर्च, बेकरी, मुख्य आयुक्तांचा बंगला यांच्या भिंती आज वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांच्या मुळांनी आवळलेल्या आहेत. कुठली भिंत कशाची हे गाइडशिवाय कळत नाही, म्हणून गाइडचे पैसे खरे कारणी लागतात ते इथं. गाइड जेटीवरच थांबणार की बेटावर बरोबर फिरणार, हे ठरवतानाच विचारा. 'गाइडसह' लिहिलेल्या सहलीत पुष्कळदा फक्त बोटीत बसवून देणारा माणूस मिळतो.

आणखी तीन गोष्टी लिहून घ्या : बोटीचं तिकीट आणि प्रवेश फी दरात आहे का, प्रत्येक बेटावर नेमका किती वेळ, आणि हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत की दुसऱ्या दिवशी फेरी. पाण्यातल्या खेळांचे पैसे आदल्या रात्री हॉटेलात भरू नका. सकाळी समुद्र बघून ठरवा.

सहल सुट्टीची, मग सकाळी साडेसातला तयार राहायची सक्ती कशाला? नऊला निघालं तर काय बिघडेल? (वाचक, शाहूपुरी)

बरंच बिघडेल. घड्याळ आपलंच असलं तरी तिथला सूर्य आपल्या आधी चालतो. कोल्हापूर साधारण 74 अंश पूर्व रेखांशावर आहे आणि पोर्ट ब्लेअर जवळपास 93 वर. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तासाचा फरक. जानेवारीच्या मध्यावर आपल्याकडे सात वाजून गेल्यावर सूर्य उगवतो, तिथं पावणेसहाच्या सुमारास. आपल्याकडे तो सव्वासहानंतर मावळतो, तिथं सव्वापाचला. डिसेंबरच्या सुरुवातीला तर पाचलाच अंधारायला लागतं. 'दुपारी चारला निवांत किनाऱ्यावर जाऊ' हा आपल्या सवयीचा बेत तिथं संध्याकाळचा होतो.

सकाळच्या सहलीला आणखी एक कारण आहे. सूर्य डोक्यावर येतो तो साडेअकराच्या आसपास, आणि पाण्याखालचं दिसायला उजेड जितका सरळ वरून पडेल तितकं बरं. तिरपा उजेड पाण्यावरूनच परततो. म्हणून काचेची बोट आणि स्नॉर्केलिंग साडेनऊ ते बारा या वेळात बसलं पाहिजे. नऊला हॉटेल सोडलं, जेटीवर ओळखपत्रं दाखवून यादीत नावं लिहिली, रॉस फिरून नॉर्थ बे गाठलं की एक वाजतो. वेळ गेल्यावर काच काळपट दिसते आणि लोक बोटवाल्याला दोष देतात. गटाची बोट आधी रॉसला जाणार असेल तर नॉर्थ बेचा क्रम आधी लावता येतो का ते विचारा. खासगी बोटीत हे सहज जमतं.

रंगांबद्दल मात्र जाहिरातीतल्या फोटोंवर जाऊ नका. पाणी सगळ्यात आधी लाल रंग शोषून घेतं. चार-पाच मीटर खाली गेलं की लाल प्रवाळसुद्धा तपकिरी दिसतं. फोटो काढणारे दिवा वापरतात, तुमच्याकडे तो नसतो. शिवाय 2010 साली समुद्राचं पाणी तापल्यानं अंदमानातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं होतं. सगळीकडे ते पूर्ववत भरलेलं नाही. मासे मात्र भरपूर दिसतात.

आई 71 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. तिला जेल बघायचंच आहे. रॉसला न्यावं का? (वाचक, गडहिंग्लज)

दोन्ही जमेल, फक्त अडचण नेमकी कुठं येते ते माहीत हवं. रॉसवर चढ आहेत, पण बॅटरीवर चालणाऱ्या गाड्या मिळतात. बेटावर उतरताच आधी आईची जागा धरा, नंतर फोटो. पलीकडच्या टोकाच्या दीपस्तंभाकडे जाणाऱ्या पायऱ्या त्यांनी सोडून द्याव्यात.

खरी अडचण बेटावर नाही, जेटीवर असते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पोर्ट ब्लेअरला भरती आणि ओहोटीच्या पातळीत दोन मीटरच्या आसपास फरक पडतो. ओहोटीला बोट जेटीच्या बरीच खाली जाते, शेवाळलेल्या ओल्या पायऱ्या उघड्या पडतात आणि हलत्या बोटीत पाय टाकावा लागतो. भांगाच्या दिवसांत, अष्टमीच्या आसपास, हा फरक कमी असतो. तारीख तुमच्या हातात असेल तर तिथी बघून ठरवा. कोकणात तिथीवरून भरतीची वेळ काढतात तो हिशेब मात्र तिथं लागू पडत नाही, कारण भरतीची वेळ प्रत्येक किनाऱ्याची निराळी. पोर्ट ब्लेअरचंच वेळापत्रक बघा, आणि रोज ती वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढं सरकते हे ध्यानात ठेवा.

चढताना आईच्या हातात पिशवी नको. मागं पट्टा असलेली सँडल हवी, चप्पल नको. बोटीवरच्या माणसानं दंड धरावा, आणि लाट बोटीला वर उचलते त्या क्षणी पाय टाकावा. खाली जाताना टाकला की तोल जातो. साडीपेक्षा पंजाबी ड्रेस सोयीचा.

जेलमध्ये खालच्या चौकात कोलू, फाशीघर आणि मधला मनोरा आहे. तेवढं जिना न चढता बघता येतं. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सात इमारती मनोऱ्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारख्या होत्या, त्यातल्या तीन उरल्या आहेत. चौकात उभं राहून एक गोष्ट आईला दाखवा : प्रत्येक इमारतीच्या कोठड्यांचं तोंड पुढच्या इमारतीच्या पाठीकडे आहे. समोरासमोर कुणी येऊच नये, खाणाखुणाही करता येऊ नयेत, म्हणून तशी बांधणी. कोलूला जुंपलेल्या कैद्याला दिवसाला 30 पौंड खोबरेल काढून द्यावं लागे, म्हणजे साडेतेरा किलोंहून जास्त.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या, तिसऱ्या मजल्यावर आहे. 1911 ते 1921 ते या तुरुंगात होते. आईला तिथवर जायचंच असेल तर जिन्याला घाई करू नका, मजल्यागणिक बसू द्या. संध्याकाळचा ध्वनि-प्रकाश कार्यक्रम बसून बघायचा असतो. त्याचं तिकीट वेगळं आहे आणि हंगामात लवकर संपतं, तेव्हा आधी काढा. जेलच्या वेळा आणि सुट्टीचा वार आदल्या दिवशी विचारून घ्या.

मला भरघोस मिशी आहे. गोव्यात स्नॉर्केलिंग करताना मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. मिशी काढावीच लागेल का? (वाचक, कागल)

पूर्ण काढायची गरज नाही. मास्कची मऊ सिलिकॉनची कड नाकाखाली, वरच्या ओठाच्या वर टेकते. तिथं केस आले की कडेखाली बारीक वाटा राहतात आणि पाणी शिरतं. नाकाच्या लगत चार-पाच मिलिमीटरची पट्टी साफ केलीत तर कड कातडीवर बसते. बाकीची मिशी खाली तशीच राहू द्या. तेवढंही नको असेल तर त्या जागी सिलिकॉन ग्रीस लावा. पाणी कमी शिरेल, थांबणार नाही.

मास्क निवडताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा आणि नाकानं हलका श्वास आत घ्या. हात सोडल्यावर मास्क चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. पट्टा करकचून आवळणं हा उपाय नाही, त्यानं कड दुमडते आणि जास्त गळते. डोक्यावरचे केसही कडेखाली येऊ देऊ नका. धुकं धरू नये म्हणून आतल्या काचेला थुंकी किंवा लहान मुलांचा शाम्पू चोळून एकदा विसळा. पाणी शिरलंच तर डोकं पाण्याबाहेर काढून कड जरा उचला, निघून जातं. पाण्याखाली असाल तर मास्कची वरची चौकट कपाळावर दाबा, तोंड वर करा आणि नाकानं जोरात फुंका. पाणी खालच्या कडेतून बाहेर पडतं.

आणि प्रवाळावर उभं राहू नका. दिसतं दगडासारखं, पण ते जिवंत असतं आणि पायाखाली मरतं. त्यानं कापलेली जखम लवकर भरतही नाही.

मला पोहता येत नाही आणि चष्मा आहे. सी-वॉक जमेल का? कान दुखतात असं ऐकलंय. (वाचक, इचलकरंजी)

पोहता न येणाऱ्यांसाठीच तो आहे. डोक्यावर मोठं हेल्मेट बसवतात, वरून नळीनं हवा येत राहते आणि पाणी हनुवटीच्या खाली थांबतं. त्यामुळं चष्मा घालून जाता येतं. स्नॉर्केलिंगच्या मास्कमध्ये चष्मा बसत नाही, तिथं नंबरचा मास्क मागावा लागतो. हेल्मेट जड असतं, पण ते खांद्यावर ठेवतात तेव्हा तुम्ही पाण्यात असता, त्यामुळं भार जाणवत नाही.

कानाचं ऐकलंत ते खरं आहे. दर दहा मीटरला हवेच्या एका दाबाएवढा दाब वाढतो. पाच-सहा मीटरवर तो दीडपटीच्या वर गेलेला असतो. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. उपाय सोपा, पण दुखायच्या आधी करायचा : शिडीच्या पहिल्या पायरीपासूनच हात हेल्मेटखालून आत घाला, नाक चिमटीत धरा आणि तोंड मिटून हलकेच फुंका. कानात टक् झालं की पुढची पायरी. दुखलं तर थांबा, एक पायरी वर या, पुन्हा करा. जोर लावून फुंकू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी उतरूच नका, कारण नाक आणि कान जोडणारी नळी सुजलेली असते, ती उघडत नाही. दमा, हृदयविकार, गरोदरपण, अलीकडची शस्त्रक्रिया असेल तरीही नको.

स्कूबा डायव्हिंग करणार असाल तर त्यानंतर किमान 18 तास विमानात बसू नये. पुष्कळ जण दुसऱ्याच दिवशी सकाळचं परतीचं विमान धरतात, म्हणून आधीच सांगितलं.

बोट लागते. काय खावं, कुठली गोळी घ्यावी? (वाचक, जयसिंगपूर)

निघण्यापूर्वी दोन तास हलकं खा : इडली, केळं, कोरडा टोस्ट. उपाशी जाऊ नका, त्यानंही मळमळतं. तेलकट आणि झणझणीत काही नको. मिसळ कोल्हापूरला परतल्यावर. अव्होमीनसारखी गोळी उलटी सुरू झाल्यावर उपयोगाची नाही, ती तासभर आधी घ्यावी लागते. तिनं झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. बोटीत मध्यभागी किंवा मागच्या बाजूला बसा, मोबाइल खिशात ठेवा आणि नजर क्षितिजावर. जानेवारी ते एप्रिल समुद्र बहुधा शांत असतो. जून ते सप्टेंबर बोट रद्द होणंही धरून चाला.

मराठी गाइड मिळेल का? (वाचक, शिरोळ)

मराठी क्वचितच. हिंदी सगळीकडे चालते, तेव्हा अडत नाही.

नातीसाठी शंख-शिंपले आणायचे आहेत. किनाऱ्यावरून गोळा केले तर चालतं का? (वाचक, महाद्वार रोड)

नाही. किनाऱ्यावर मेलेलं दिसणारं प्रवाळ आणि शंखसुद्धा उचलू नका. प्रवाळ आणि शंखांच्या बऱ्याच जातींना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षण आहे आणि विमानतळावर तपासणीत ते काढून घेतात. रिकामा शंख हे साधू-खेकड्याचं घरही असतं, तो नेला की खेकडा उघडा पडतो. आणायचेच तर पोर्ट ब्लेअरमधल्या 'सागरिका' या सरकारी एम्पोरियममधून घ्या आणि बिल चेक-इनच्या बॅगेत न टाकता जवळ ठेवा. तपासणीला तेच दाखवावं लागतं.