अंगठीचा दोरा

बेळगाव

प्रिय डॉक्टर,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, 'सर, अल्ब्युमिन ३.८ आहे, कोलनची केस घेतोय.' रक्तातलं ते प्रथिन ठीक दिसलं म्हणून मोठ्या आतड्याची गाठ काढायला निघालास. वजन किती उतरलं विचारलं, तर कागद चाळत बसलास.

निपाणीकडच्या एका शेतकऱ्याचं आतडं मीही असंच रिपोर्ट बघून जोडलं होतं. पाचव्या दिवशी जोड सुटला. पुन्हा ऑपरेशन थिएटरात नेताना बायकोनं पदराच्या गाठीतून त्याची अंगठी काढून दाखवली. आतून जाड दोरा गुंडाळलेला. 'दोन महिन्यांत दोनदा गुंडाळला, साहेब.' जोड सुटायला कारणं दहा असतात, पण हे मी विचारलंच नव्हतं.

अल्ब्युमिन ३ च्या खाली गेलं तर ऑपरेशनला धोका, हे खरं. पण ते जंतुसंसर्गानंही उतरतं, आणि उपाशी माणसात चांगलंही दिसतं. पोटात काय जातंय ते त्यावरून कळत नाही.

आपल्याकडे जुनं वजन कुणाला ठाऊक नसतं. भाकऱ्या मोज. तीन भाकऱ्यांचा माणूस आंबिलीवर आलाय का? चिकोडीकडच्या पेशंटला कन्नडमधून 'ऊटा आतेन्री?' (जेवण झालं का?) विचारलंस तर भिडेखातर 'आतु' (झालं) म्हणेल. काय खाल्लं ते विचार. मग कानशिलं, गळ्याची हाडं बघ, तुझी दोन बोटं आवळायला सांग. सुटलेलं पोट बघून फसू नकोस, पायावरची सूज आणि पोटातलं पाणीही काट्यावर वजनच दाखवतं.

६२ किलोचा ५४ वर आला म्हणजे जवळजवळ १३ टक्के गेले. सहा महिन्यांत वजन १० टक्क्यांहून जास्त उतरलं असेल किंवा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) १८.५ खाली असेल, तर ७ ते १४ दिवस थांबून खायला घाल. किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं: अंडी, दूध, दही. आतडं अरुंद झालं असेल तर पातळ आणि बिनचोथ्याचं. फार दिवसांचा उपाशी असेल तर आधी थायमिन (बी१ जीवनसत्त्व), मग हळूहळू वाढव. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम रोज बघ, नाहीतर भरवण्यानंच घात होतो. आतडं फुटलं किंवा पूर्ण अडलं असेल तर मात्र हे सगळं बाजूला ठेव.

नातेवाईक म्हणतील, 'तोवर गाठ वाढेल की!' त्यांच्याजवळ बसून बोल, घाईत नको.

तुझ्या पेशंटला उद्या चपला काढून स्वतः काट्यावर उभा कर. आकडा कळव.

तुझा,
सर