कॉलेजात खोऱ्याने पॉइंट करणारा बास्केटबॉल खेळाडू एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, चालेल की नाही, हे आधी ओळखता येतं का?

थोडंफार येतं. पण तुम्ही प्रश्नात जो आकडा धरलाय, सामन्यामागे किती पॉइंट, तोच सगळ्यात फसवा. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये 2006 साली ॲडम मॉरिसन 28.1 च्या सरासरीने देशात पहिला होता, 2009 साली स्टेफ करी 28.6 ने आणि 2011 साली जिमर फ्रेडेट 28.9 ने. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात तेव्हा, मॉरिसन तिसरा गेला, करी सातवा, फ्रेडेट दहावा. करी पुढे एनबीएतला मोठा तारा झाला, ते सांगायला नको. बाकी दोघांचे पाय एनबीएत रोवलेच नाहीत. (मॉरिसनकडे लेकर्स या एनबीए संघासोबतची दोन विजेतेपदं आहेत, पण ती बहुतेक बाकावर बसूनच.) कॉलेजात चेंडू सतत अशा खेळाडूच्याच हातात असतो. एनबीएत ते काम दुसऱ्याचं असतं, आणि याला उरलंसुरलं मिळतं.

नेमबाजीचा अंदाज घ्यायचा असेल तर मी थ्री-पॉइंटच्या (लांबच्या रेषेबाहेरून मारलेल्या, तीन पॉइंटांच्या शॉटच्या) टक्केवारीआधी फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारे मोकळे शॉट) बघतो. लॉन्झो बॉलने यूसीएलए या विद्यापीठाकडून खेळताना 41 टक्के थ्री मारले आणि 2017 ला तो दुसऱ्या क्रमांकावर गेला. त्याच मोसमात त्याचे फ्री थ्रो होते 67 टक्के. लेकर्सकडे पहिल्या वर्षी थ्री आले 30.5 टक्क्यांवर, फ्री थ्रो 45 वर! कॉलेजच्या एका मोसमात थ्रीचे जेमतेम दोनशे प्रयत्न होतात; तेवढ्यात निव्वळ नशिबाने टक्केवारी सहा-सात अंकांनी वरखाली होऊ शकते. शिवाय तेव्हा कॉलेजची थ्रीची रेषा 20 फूट 9 इंचांवर होती, एनबीएची बहुतेक ठिकाणी 23 फूट 9 इंच. फ्री थ्रोला अंतर तेच, समोर कुणी नाही, त्यामुळे हात कसा आहे ते उघडं पडतं. बॉलने नंतर शॉटची पद्धत बदलली आणि न्यू ऑर्लिन्सच्या संघात थ्रीमध्ये 37 टक्क्यांच्या वर गेला, हेही खरं.

पण फ्रेडेटचे फ्री थ्रोही नव्वदच्या आसपास होते. त्याचा शॉट एनबीएत चाललाच, बाकीचा खेळ चालला नाही. म्हणून मी स्टील्सही, म्हणजे समोरच्या संघाकडून हिसकावलेले चेंडूही, बघतो. शेवटच्या कॉलेज मोसमात करीचे सामन्यामागे 2.5 होते, फ्रेडेटचे 1.3. चेंडू कुठे जाणार हे आधी कळणं आणि हातांचा वेग, दोन्ही त्यात दिसतं. दोन खेळाडूंवरून नियम ठरत नाही, पण मला हा आकडा पॉइंटपेक्षा भरवशाचा वाटतो.

वयही बघा. एकोणीस वर्षांच्या पोराचे 18 पॉइंट आणि बावीस वर्षांच्याचे 18 यांत फरक आहे; लहानाला सुधारायला जास्त वाव असतो. अर्थात ड्रेमंड ग्रीन चार वर्षं कॉलेजात काढून 2012 ला 35 वा गेला, तरी एनबीएत तारा झाला, आणि या हिशेबाला त्याने पार धुडकावलं.

शेवटी संघ. क्वाय लेनर्डचे कॉलेजातल्या शेवटच्या मोसमात थ्री 29 टक्के होते, फ्री थ्रो मात्र 76. 2011 ला 15 वा गेला आणि त्याच रात्री अदलाबदलीत इंडियानाच्या संघाकडून सॅन अँटोनियोच्या संघाकडे आला. तिथे चिप एंगेलँड या प्रशिक्षकाने त्याचा शॉट सुधारला आणि पहिल्याच मोसमात थ्री 37 टक्क्यांवर गेले. म्हणून कोण चालेल याची माझी यादी मी ड्राफ्टच्या रात्रीनंतर पुन्हा मांडतो. तुम्हीही तोवर पैज लावू नका.