गोवेकर जास्त पेट्रोल जाळतात का?

प्रश्न असा आहे: राज्यवार इंधनविक्रीच्या तक्त्यात गोव्याचा दरडोई पेट्रोलचा आकडा महाराष्ट्राच्या बराच वर आहे, मग गोवेकर माणशी आपल्यापेक्षा जास्त इंधन जाळतो असं म्हणायचं का?

काही प्रमाणात हो. तिथे घरटी दुचाकी आहे, बसचा भरवसा कमी. शिवाय २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १५ लाखांच्या आतच होती. भाड्याच्या स्कूटरवर फिरणारे पर्यटक भागाकारात धरलेले नाहीत, त्यांचं पेट्रोल मात्र धरलंय.

पण खरी गोम निराळीच. तक्ता विक्रीचा आहे. पेट्रोल कुठल्या पंपावर भरलं एवढंच तो सांगतो. मी गोव्याच्या सीमेलगतच्या बांद्याकडचा, दोन टेम्पो चालवतो. म्हापशाहून परतताना पत्रादेवीची हद्द ओलांडायच्या आधी टाकी फुल्ल करायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज. इंधन जीएसटीत नाही, त्यामुळे प्रत्येक राज्याचा कर वेगळा. २०१२ साली मनोहर पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला, तेव्हा तर सावंतवाडीची माणसं नुसतं पेट्रोल भरायला गोव्यात जात. विक्री गोव्याच्या खात्यात, धूर सिंधुदुर्गात!

गणपतीत हाच प्रकार उत्तरेकडून होतो. चाकरमानी पनवेलला टाकी भरतात आणि ते पेट्रोल पेण, माणगाव, कशेडी करत पुढे जळतं. रत्नागिरी-सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ ते २०११ मध्ये घटली. गाड्या मात्र मे महिन्यात आणि भाद्रपदात येतातच.

डिझेलचं तर आणखी अवघड. मिरकरवाडा या रत्नागिरीच्या मासेमारी बंदरातले ट्रॉलर डिझेलवरच चालतात. ते मासेमारीचं डिझेल. ते वेगळं न काढता रत्नागिरीची सगळी विक्री वाहतुकीत धरलीत की हिशेब चुकलाच. उलट बाजूला कोकण रेल्वेची रो-रो, म्हणजे भरलेले ट्रक रेल्वेवरून नेणारी सेवा, १९९९ पासूनची. ट्रक कोलाडला वाघिणीवर चढला की इंजिन बंद, ड्रायव्हर केबिनमध्ये झोपलेला. तेवढं डिझेल रस्त्याच्या हिशेबातून उतरून रेल्वेच्या हिशेबात गेलं. २०२२ मध्ये मार्गाचं विद्युतीकरण पूर्ण झालं; आता विजेच्या इंजिनाने ओढलेला तो भार तेलाच्या तक्त्यात दिसणारच नाही. भार तोच आहे, नोंद विजेकडे गेली.

दाभोळ–धोपावे फेरीबोटही धरा. खाडी ओलांडली नाही तर चिपळूणचा वळसा पडतो. तो वाचलेला वळसा कुठे लिहिला जात नाही.

तेव्हा दोन राज्यांचे आकडे शेजारी ठेवू नका. एकाच राज्याची दहा-पंधरा वर्षांची विक्री घ्या, कर बदलला त्या वर्षांवर खूण करा, पेट्रोल आणि डिझेल वेगळं ठेवा. सीमेवरच्या जिल्ह्यांचे आकडे मिळाले तर शेजारच्या राज्यातल्या लगतच्या तालुक्यांसकट बघा. आमच्या बाबतीत म्हणजे पेडणे आणि सावंतवाडी एकत्र.